उत्तनच्या किनाऱ्यावर इंग्रजी कशी पोचली

भाईंदर स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून उत्तनची बस धरली की मिठागरे आणि खाजणे मागे टाकत आठ-नऊ किलोमीटरवर समुद्र लागतो. डोंगरी, तारोडी, पाली, चौक, पातान बंदर, भाटे बंदर ही सगळी वस्ती एका चिंचोळ्या भूभागावर आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला गोराई आणि मनोरी. जुन्या कागदपत्रांत याला धारावी बेट म्हणत. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. वलांडीवर वाळणारे बोंबील, किनाऱ्याला लागलेल्या बोटी आणि वाटेवर जागोजागी दिसणारे क्रूस ही इथली ओळख.

बोट बंदराला लागली की कानावर पडते ती मराठीची कोळी बोली. तांडेल, खलाशी, मासळी विकणाऱ्या बाया, सगळ्यांचा व्यवहार तिच्यातच चालतो. त्यात ‘लिलाव’ आणि ‘पगार’ हे दोन शब्द वारंवार येतात. दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. बोटीवरच्या यंत्रांची नावे मात्र इंजिन, गियर, वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर अशी, आणि बोटीचा नोंदणी क्रमांक रोमन अक्षरांत. पाच-सहा वाक्यांच्या बोलण्यात दोन परकी सत्तांचा मागोवा मिळतो.

पण या दोन भाषांचे नशीब अगदी वेगळे झाले. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तेव्हापासून 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत दोनशेहून अधिक वर्षे हा किनारा पोर्तुगीजांकडे होता. त्यांनी इथे धर्म दिला, आडनावे दिली, चर्च उभारली. इंग्रजांचा अंमल इथे 1774 मध्ये आला आणि 1947 मध्ये संपला. म्हणजे तो पोर्तुगीजांपेक्षा कमी काळ टिकला. तरीही आज उत्तनमधल्या आई-वडिलांना मुलाच्या शाळेचे माध्यम ठरवताना पोर्तुगीजचा विचार स्वप्नातही येत नाही, आणि इंग्रजीचा विचार टाळता येत नाही. असे का झाले, हे समजले की इंग्रजी जगभर का पसरली याचेही बरेचसे उत्तर हाती येते.

पोर्तुगीजांनी भाषा लादायचा प्रयत्न केला नाही असे नाही. 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने, काउंट ऑफ आल्व्होरने, फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि देशी भाषा बोलणे सोडावे. फर्मान काढणाऱ्याच्या हाती सत्ता होती, धर्मपीठ होते, शिक्षा करण्याचे अधिकारही होते. कोकणी मात्र जिवंत राहिली. उत्तर कोकणातल्या काही ख्रिस्ती वस्त्यांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून एक बोली तयार झाली होती. गोव्याचे भाषाविद मॉन्सेन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो यांनी 1906 मध्ये तिचे वर्णन छापले, तेव्हा ती ओसरू लागली होती. तिचीच एक सख्खी बहीण रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई गावात काही शे लोकांच्या तोंडी अजून आहे. बाकी किनाऱ्यावर पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्या भाषेची गरजही गेली. उत्तनचा माणूस ज्यांच्याशी व्यापार करत होता, ज्यांच्या दारात मासळी विकत होता, त्यांतल्या कुणालाच पोर्तुगीज येत नव्हती.

त्याच काळात इंग्रजीची अवस्था काय होती? जॉन फ्लोरिओ नावाचा भाषाशिक्षक लंडनमध्ये इटालियन शिकवत असे. त्याने 1578 मध्ये एका पुस्तकात लिहून ठेवले की इंग्रजी इंग्लंडात उपयोगी पडते, पण डोव्हरचे बंदर ओलांडले की तिला काही किंमत नाही. हे त्या काळचे वस्तुस्थितिदर्शक वाक्य होते. इंग्रजी बोलणारे सगळे मिळून पन्नास ते सत्तर लाख, आणि तेही जवळजवळ सगळे एकाच बेटावर. युरोपातले विद्वान लॅटिनमध्ये लिहीत आणि आशियाच्या बंदरांत पोर्तुगीज चाले.

फ्लोरिओचे पुस्तक छापून झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर 1579 मध्ये, विल्टशरमध्ये जन्मलेला एक तरुण जेझुइट गोव्याला उतरला. थॉमस स्टीफन्स. भारतात येऊन स्थायिक झालेला हा पहिला ज्ञात इंग्रज. तो इथे चाळीस वर्षे राहिला, 1619 मध्ये इथेच वारला, आणि या चाळीस वर्षांत त्याने एकाही भारतीयाला इंग्रजी शिकवल्याचा उल्लेख नाही. तोच मराठी आणि कोकणी शिकला. त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते 1616 मध्ये छापले गेले, आणि त्यात मराठीचे जे मनापासूनचे कौतुक आहे ते आजही मराठी दिनाच्या व्यासपीठांवर ऐकू येते. शेक्सपिअर वारला तेही वर्ष 1616. ज्या वर्षी इंग्रजीचा सर्वांत मोठा नाटककार गेला, त्या वर्षी भारतातल्या पहिल्या इंग्रजाचा मुख्य ग्रंथ मराठीत निघाला. इंग्रजीला जन्मतःच जग जिंकायचे होते असे मानणाऱ्याने या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

पुढची शंभर वर्षेही चित्र फारसे बदलले नाही. 1661 च्या विवाह कराराने मुंबई इंग्रजांच्या राजाला मिळाली, 1668 मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. कंपनीच्या 1698 च्या सनदेत तिच्या धर्मोपदेशकांवर अट होती की भारतात पोचल्यापासून एका वर्षात त्यांनी पोर्तुगीज शिकावी. म्हणजे मुंबई हाती येऊन तीस वर्षे झाल्यावरही इंग्रजाला इथे काम करायला दुसऱ्याची भाषा लागत होती. खाडीपलीकडे, शेजारच्या साष्टी बेटावर आणि उत्तनमध्ये, इंग्रजीचा तेव्हा वाराही नव्हता.

वळण आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही एका दिवसात नाही. आपण इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉलेच्या 1835 च्या टिपणाला सगळे श्रेय किंवा सगळा दोष देऊन मोकळे होतो. मुंबई इलाख्याची गोष्ट मात्र वेगळी होती आणि ती मराठी वाचकाला माहीत असायला हवी. इथे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळापासून देशी भाषांतून शिकवण्याचे धोरण होते. 1820 च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस मुंबईत अभियांत्रिकीचे वर्ग मराठीतून आणि गुजरातीतून चालवत होता, त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत करून घेत होता. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. दोन्ही भाषा एकाच पानावर बरोबरीने उभ्या होत्या.

मग 1840 च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये मोठा वाद झाला. बोर्डाचे अध्यक्ष न्यायमूर्ती अर्स्किन पेरी म्हणत होते की पैसा थोडा आहे, तो उच्चवर्गीयांच्या इंग्रजी शिक्षणावर खर्च करावा. जर्व्हिस मराठीच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच्याबरोबर बोर्डाचे तीन भारतीय सदस्य: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. शंकरशेटांचे 1847 चे टिपण स्पष्ट होते: ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत न्यायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच जाईल. शंकरशेट इंग्रजी शिक्षणाचे विरोधक नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजपासून रेल्वेपर्यंत मुंबईच्या प्रत्येक नव्या गोष्टीत त्यांचा हात होता. म्हणून त्यांचे म्हणणे मला अधिक वजनदार वाटते.

शंकरशेटांची बाजू प्राथमिक शाळांत टिकली, वर मात्र हरली. ज्या निर्णयाने ती हरली त्याच्याकडे आपण कमी लक्ष देतो. 1844 मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंजने जाहीर केले की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य मिळेल. 1684 च्या पोर्तुगीज फर्मानात शिक्षा होती, या ठरावात पगार होता. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले, काही वर्षांतच मराठी विद्यापीठीय अभ्यासक्रमातून बाहेर गेली, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी वर्षानुवर्षे खटपट करून शेवटी 1901 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, तिला एम.ए.च्या परीक्षेत जागा मिळवून दिली. मुंबईच्या विद्यापीठात शेक्सपिअर सक्तीचा आणि ज्ञानेश्वर वर्ज्य, अशी जवळपास चार दशके गेली.

या पगाराची ओढ साष्टीच्या ख्रिस्ती समाजाला लवकर लागली. कंपनीच्या कचेऱ्या, गोदी, रेल्वे यांत कारकुनीच्या जागा होत्या. त्याच जागांसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून कॅथलिक येऊ लागले. त्यांच्यापासून आपण वेगळे, आपण इथलेच आणि ब्रिटिश सरकारचे जुने प्रजाजन, हे दाखवायला 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. पोर्तुगीज नावे, मराठी बोली, लुगडे नेसणाऱ्या बायका, आणि समाजाचे नाव इंग्रजी: एका पिढीच्या नोकरीचा हिशेब त्या नावात आहे.

पण साष्टीच्या सगळ्या गावांत एकसारखे घडले नाही. वांद्र्याला रेल्वे आली, जेझुइटांची इंग्रजी शाळा आली, फोर्टमधली कचेरी रोजच्या जाण्यायेण्यात आली. तीन पिढ्यांत वांद्र्यातल्या अनेक कॅथलिक घरांत मुलांशी इंग्रजीतच बोलणे सुरू झाले. उत्तन मात्र रेल्वेपासून दूर राहिले आणि त्याचा धंदा समुद्रावर राहिला. डोल जाळे कोणत्या भरतीला लावायचे, वारा कुठून फिरला, बोंबील किती उन्हात वाळला हे कळायला इंग्रजीची गरज नव्हती, आणि हे ज्ञान बोलीत जितके नेमके सांगता येते तितके दुसऱ्या कशात सांगता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1960 च्या दशकात, लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा सुरू झाल्या. वांद्र्यात त्या मुख्यतः इंग्रजीत झाल्या आणि उत्तनला मराठीत. धर्म एक, पोर्तुगीज वारसा एक, आर्चडायोसिसही एकच. फरक फक्त पोट कशावर भरते याचा.

खाडीच्या पलीकडे वसईतही तेच. तिथल्या शेतकरी-बागाईतदार कॅथलिकांनी मराठी शाळा धरून ठेवल्या, आणि त्या मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. ज्यांना पोर्तुगीज आडनाव आणि मराठी साहित्य यांची सांगड विचित्र वाटली, त्यांना स्टीफन्सपासूनची ही चारशे वर्षे माहीत नव्हती.

इंग्रज 1947 मध्ये गेले. पोर्तुगीजची गोष्ट पाहता इंग्रजीही हळूहळू ओसरायला हवी होती. राज्यघटनेने तिला केंद्राच्या कारभारात पंधरा वर्षांचीच मुदत दिली होती. ती मुदत 1965 मध्ये संपत आली, तेव्हा हिंदीच्या भीतीने आजचे तमिळनाडू पेटले, आणि 1963 च्या राजभाषा कायद्याने इंग्रजी चालू राहिली ती आजतागायत. देशातल्या भाषांना एकमेकींचे वर्चस्व नको होते, म्हणून जी कुणाचीच नव्हती ती राहिली.

त्याहून मोठे कारण बाहेर घडत होते. ब्रिटिश साम्राज्य मावळत असताना अमेरिका जगातली सर्वांत मोठी आर्थिक आणि लष्करी सत्ता बनली होती, आणि योगायोगाने तिची भाषाही इंग्रजी होती. एका साम्राज्यानंतर दुसरी महासत्ता त्याच भाषेची येणे ही इतिहासात फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. 1919 च्या व्हर्सायच्या तहात फ्रेंचच्या बरोबरीने इंग्रजी मजकूर आला, तिथेच मुत्सद्देगिरीतली फ्रेंचची एकाधिकारशाही संपली. विज्ञानात पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनचा दबदबा होता; रसायनशास्त्र शिकायचे तर जर्मन वाचावीच लागे. दोन महायुद्धे, जर्मन शास्त्रज्ञांवरचा बहिष्कार, नाझींच्या छळामुळे अमेरिकेत गेलेले संशोधक, यांनी ती गादी इंग्रजीकडे आणली. पुढे संगणक आणि इंटरनेट अमेरिकेत वाढले.

एकदा एवढे झाले की मग भाषा स्वतःच्या जोरावर वाढते. जितके जास्त लोक ती शिकतात, तितकी न शिकणाऱ्याची अडचण वाढते, आणि म्हणून आणखी लोक शिकतात. आज जगात सुमारे दीड अब्ज लोक कमी-अधिक इंग्रजी जाणतात, असा अंदाज केला जातो. त्यांतल्या बहुसंख्यांची ती मातृभाषा नाही. भारताच्या 2011 च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे जेमतेम 2.6 लाख निघाले, त्यांतले एक लाखाहून अधिक महाराष्ट्रात. पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती येते असे सांगणारे मात्र जवळपास 13 कोटी. मराठी मातृभाषा असणारे 8.3 कोटी होते. इंग्रजीच्या ताकदीचे कोडे या आकड्यांत आहे: ती घरोघर बोलली जात नाही, ती घराबाहेर पडताना लागते.

उत्तनच्या समुद्रावर हे फार स्पष्ट दिसते. मुंबई आणि न्हावा-शेव्याकडे जाणारी मालवाहू जहाजे याच पाण्याच्या पलीकडून जातात. अशा जहाजावर कप्तान युक्रेनचा, अधिकारी भारताचे आणि खलाशी फिलिपिन्सचे असू शकतात. एकही इंग्रज नसतो आणि बोलणे इंग्रजीत चालते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये यासाठी ठरीव वाक्यांचा संच मंजूर केला. त्यात साहित्यिक इंग्रजीला जागा नाही. संदेशाआधी तो प्रश्न आहे, उत्तर आहे, विनंती आहे, इशारा आहे की सूचना आहे, हे एका शब्दात सांगता येते. ‘कदाचित’, ‘शक्य असेल तर’ असले संदिग्ध शब्द टाळायचे. आकडे एकेक करून उच्चारायचे. वादळात, वायरलेसच्या खरखरीत, दमलेल्या माणसाला दुसऱ्या दमलेल्या माणसाचे कळावे एवढाच हेतू. विमानांसाठीही असेच नियम आहेत. मासेमार बोटींचे आपसातले बोलणे कोळी बोलीत चालते. पण संकटात सापडलेली बोट मोठ्या परदेशी जहाजाला हाक मारते, तेव्हा त्याच ठरीव शब्दांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. या कामापुरती एक सामायिक भाषा जगाला हवी होती. ती असणे चांगलेच आहे, आणि ते मी कोणताही हातचा न राखता म्हणतो.

माझे दुःख दुसरीकडे आहे. जिथे सामायिक जागतिक भाषेचे काही काम नाही, जिथे बोलणारा मराठी, ऐकणारा मराठी आणि ज्याच्याबद्दल बोलायचे तोही मराठी, तिथेही इंग्रजी मधे उभी आहे. त्याचे उदाहरण शोधायला उत्तनबाहेर जावे लागत नाही.

राज्यातल्या न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी महाराष्ट्र न्यायिक अकादमी उत्तनलाच आहे. मासळी बाजारापासून फार दूर नाही. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन निवडलेले दिवाणी न्यायाधीश इथे शिकतात आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत जातात. 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेनुसार राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. पण घटनेच्या 348 व्या कलमानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. समजा, उत्तनच्या एखाद्या मच्छीमाराने ठाण्याच्या न्यायालयात मराठीत साक्ष दिली. अपील झाले की ती साक्ष इंग्रजीत भाषांतरित होऊन वर जाते. ‘ढकलले’ आणि ‘लोटले’, ‘बोलावून नेले’ आणि ‘ओढत नेले’ यांतला फरक त्या भाषांतरात टिकला तर ठीक. ज्याच्या शिक्षेचा निर्णय होतो, तो स्वतःचा निकाल वाचू शकत नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या जागी 2023 ची भारतीय न्याय संहिता आली, कायद्याचे नाव बदलले, पण वरच्या न्यायालयातली भाषा तीच राहिली.

घटनेत यावर वाट ठेवलेली आहे. त्याच 348 व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली राज्यपाल राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याची भाषा उच्च न्यायालयाच्या कामकाजात आणू शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी हिंदीसाठी ती वाट वापरली आहे. मुंबई उच्च न्यायालयात मराठीसाठी ती खुली झालेली नाही. भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ कपाटात तयार आहे, सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल 2019 पासून मराठीसह देशी भाषांत भाषांतरित होऊ लागले आहेत, पण कायद्याने ग्राह्य धरला जातो तो इंग्रजी मजकूरच.

आई-वडील मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात याबद्दल त्यांना बोल लावणारे लेख मराठीत खूप निघतात. मला ते अन्यायकारक वाटतात. 1844 मध्ये जो हिशेब सरकारने मांडून दिला, तोच आजचे पालक करत आहेत, आणि तो बरोबरच करत आहेत. तो बदलायचा तर मराठीत मिळणारे काम वाढवावे लागेल: मराठीत लिहिलेले निकालपत्र वरच्या न्यायालयात जसेच्या तसे वाचले जाईल, मराठीत युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला उच्च न्यायालयात उभे राहता येईल, आणि त्यासाठी लागणारे नेमके, सोपे, सर्वत्र एकसारखे कायदेशीर मराठी न्यायाधीशांना शिकवले जाईल. शिकवण्याची जागा आधीच बांधलेली आहे, उत्तनला. मागणीचा प्रस्ताव मुंबईहून राष्ट्रपतींकडे जायचा आहे.